दोन लेन्स आणि बाबांचा प्राणायाम

लेन्स कुठली घ्यावी म्हणतोस, तर माझं ऐक. माझ्या डिजिटल रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठी पन्नास एमएमची लेन्स हवी होती. दुकानदाराने दोन लेन्स हातात दिल्या, "शाम तक एक लौटा दीजिएगा." एक साधी, हलकी. दुसरी जड आणि महाग, पण कमी उजेडात चालणारी. दुर्गाघाटावरच्या आमच्या देवघरात भर दुपारीही अंधार असतो, म्हणून तिथेच बाबांना बसवलं.

बाबा पौरोहित्य करतात. म्हणाले, "महागडी कशाला? माणूस हलतो म्हणून फोटो हलतो. मी हलणारच नाही."

त्यांनी नाक धरलं, श्वास रोखला आणि एकदम दगडासारखे बसले. मी साधी लेन्स लावून फोटो काढला. स्क्रीनवर बघतो तर बाबा धूसर.

"बघा, हललात."

बाबांनी चष्मा लावला आणि कॅमेरा डोळ्यांजवळ नेला.

"मी हललो, मान्य. मग हा देव्हारा पण हलला का रे? आणि मागचा खांब?"

मी फोटो मोठा करून पाहिला, तर देव्हारा आणि खांबही धूसर.

"तू महागडीच घे," बाबा म्हणाले. "प्राणायाम काही तुझ्याच्याने होणार नाही."