पालखीच्या मापाचं घर

अल्पेश : ...नाय ताई, गाडी इथून पुढे नाय जाणार. हे देवळाचं वळण, त्याच्यापुढे नुसती पायवाट. पेणहून घराच्या भिंती लादून आणल्या त्या काय इथे उतरवायला?

राही : हो, इथेच.

अल्पेश : घर तर वर डोंगरावर बांधायचंय ना?

राही : वर लोखंडी पाय रोवून झालेत, तळाच्या फळ्याही बसल्यात. आता फक्त भिंती आणि छप्पर न्यायचं.

भागोजी : तिला काय इचारतोस, अल्पेश? माझी पोर इंजिनेर हाय. घराचं तुकडं करून आणलंन. रस्ता न्हाय, ह्ये आज दिसलं तिला.

राही : बाबा, रस्ता नाही हे मला पहिल्या दिवसापासून दिसतंय.

भागोजी : मग? दिस बुडायच्या आत घर उभं न्हाय ऱ्हायलं, तर उद्या परेशचा जेसीबी येतोय. तुझाच शब्द हाय. डोंगर कापायचा, सपाट करायचा, आन स्लॅबचं घर घालायचं. माणसांसारखं.

राही : शनिवार-रविवार ठाण्याहून येऊन राहायचं, त्याला डोंगर कशाला कापायचा? उतार कापला की एक तर खालचा झरा आटेल, नाहीतर पावसात माती देवळावर येईल. दोन्हीतलं कुठलं ते सांगता येणार नाही, पण एक नक्की.

अल्पेश : काका, भांडण नंतर. ताई, क्रेन कुठाय?

राही : क्रेन नाही. ते बघ, येतायत.

अल्पेश : हा तर हिरामण आणि त्याची मंडळी. खांद्यावर बांबू?

राही : शिमग्याला देवाची पालखी हेच नेतात. याच वाटेने, पार वरच्या माळापर्यंत. गेल्या शिमग्याला मी पालखी मोजली. लांबी, रुंदी, वजन, खांद्याखांद्यामधलं अंतर. मग वाटेवरचं सगळ्यात अरुंद वळण मोजलं. पालखी जिथून जाते तिथून माझी भिंत जाते.

भागोजी : पालखी मोजलीस? देवाची?

राही : गुरवांना विचारून. देव आत बसायच्या आधी.

भागोजी : आन मला न्हाय सांगितलंस.

राही : तुम्ही तेव्हा माझ्या घराला डबा म्हणत घरोघरी विचारत फिरत होता, डब्यात शिरायला चपला काढायच्या का घालून जायचं.

अल्पेश : पेणच्या शेडमध्ये पण विचारलं ह्यांनी. सगळे कामगार हसत होते.

भागोजी : हसू देत. डब्यात मानूस चपला घालूनच शिरतो. उचला रं!

राही : दोऱ्या घट्ट बांधा. पुढच्यांनी सांगितल्याशिवाय मागच्यांनी वळायचं नाही.

अल्पेश : ते त्यांना नको सांगू ताई. बघ, निघाले पण.

भागोजी : आन थांबले पन.

राही : का? काय झालं?

अल्पेश : येसूबाईच्या दारात थांबले. पालखी थांबते ना तिथे. ते सवयीने थांबले, ती सवयीने ताट घेऊन बाहेर आली. हळदकुंकू लावलंन भिंतीला.

राही : कुठल्या भिंतीला?

अल्पेश : न्हाणीच्या.

राही : लावू दे. पण पुढच्या दारात थांबू नका म्हणावं.

भागोजी : आता सगळ्या दारांत थांबाया लागंल. एका बाईनं ओवाळलं, मग बाकीच्यांनी काय घोडं मारलं? बस आता वाट बगत.

राही : हे मी हिशेबात धरलं नव्हतं, बाबा.

(वर माळावर. उन्हं कलली आहेत. दोन भिंती उभ्या, दोन टेकवून ठेवलेल्या.)

राही : अल्पेशदादा, दाराची भिंत या बाजूला कोणी बसवली? दार दरीकडे हवं होतं.

भागोजी : पालखी टेकवली की तोंड देवळाकडं. खांदेकऱ्यांनी तेच केलं. त्यांची काय चूक?

अल्पेश : बोल्ट पण पिळून झाले, ताई. काढू?

राही : काढून परत लावेपर्यंत अंधार होईल.

भागोजी : मी कवाधरनं सांगतोय, दार देवळाकडं ठेव. तुला दरी बगायची व्हती. आता दरीकडं काय, भगदाड?

राही : खिडकीची भिंत.

भागोजी : ती तर हिकडची व्हती.

राही : सगळ्या भिंती एकाच मापाच्या आहेत. खाच तीच, बोल्ट तेच. कुठलीही कुठेही बसते. हिरामणदादा, मोठी खिडकी दरीकडे घ्या... अजून थोडी... सोडा.

अल्पेश : बसली. नुसता खट् आवाज.

भागोजी : कुठंबी बसते, तर मी भांडत व्हतो तवा का न्हाय बोललीस?

राही : तुमचं कारण पटलं नव्हतं.

भागोजी : आता पटलं?

राही : नाही. पण सूर्य बुडतोय. छप्पर उचला.

भागोजी : सरा, मलाबी एक खांदा द्या.

राही : बाबा, तुमचं वय...

भागोजी : तुझ्या जन्माआधीपासनं पालखी उचलतोय. सर.

अल्पेश : डावीकडे... काका, डावीकडे... हां. बसलं. ताई, बघ, भिंतीवर ऊन आहे अजून.

भागोजी : थांब. धक्का मारून बगतो.

राही : मारा. सगळे मिळून मारा.

भागोजी : ...हालत न्हाय.

राही : आता खाली वाकून बघा. पाणी घराखालून निघून जाईल. डोंगर होता तसा आहे.

भागोजी : झरा ऐकू येतोय की हितवर.

राही : येणारच.

अल्पेश : अख्खी वाडी वर आली, काका. येसूबाई परत ताट घेऊन. या वेळी दाराची भिंत दाखवा तिला.

राही : न्हाणीचंही कुंकू राहू दे. पुसू नका.

अल्पेश : काका, परेशचा फोन. जेसीबी सकाळी किती वाजता पाठवू विचारतोय.

भागोजी : नको म्हणावं.

अल्पेश : का म्हणाला तर?

भागोजी : सांग, डोंगरावर माझं घर हाय. कापाया जागा न्हाय.

अल्पेश : हॅलो... आवाज तुटतोय. आत खिडकीशी जाऊन बोलतो.

भागोजी : अल्पेश.

अल्पेश : काय काका?

भागोजी : चपला भाईर काढ.