उजवा खांदा

लेक : चपला नंतर घाला, बाबा. आधी आडवं होऊन बघा.

बाबा : अगं, सहाची गाडी आहे माझी.

लेक : दर वेळी सहाची गाडी! एवढी वर्षं झाली लग्नाला, एक रात्र राहिला नाहीत माझ्याकडे. उद्या सकाळी माझ्या गाद्या-सोफ्यांच्या दुकानाची फीत कोण कापणार? शेजारचा इस्त्रीवाला?

बाबा : पहाटेच्या गाडीनं येतो की परत.

जावई : म्हणजे रात्रभर तळमळणार, पहाटे गाडीत हाडं खिळखिळी करून घेणार आणि फीत कापताना आम्ही तुम्हाला दोन्हीकडून धरायचं.

बाबा : जावईबापू, तुम्ही तिचीच री ओढणार! मला परक्या अंथरुणावर डोळा लागत नाही. ते श्वासाचं मशीन, नाकावर मुखवटा, मानेखाली अडकणारी नळी, शिवाय उशांचा ढिगारा. लोकांच्या घरी कशाला तो तमाशा?

लेक : मी लोक?

बाबा : तसं नाही गं.

लेक : मग बघा तरी. ही गादी मी स्वतः शिवलीय. गिऱ्हाइकांचे सोफे तसेच पडलेत. गुडघ्यांखाली हा उंचवटा. उशीला इथे खाच, नळी तिच्यातून जाते. वर हा हूक, नळी टांगायला. तुमच्यासारखंच मशीनही भाड्यानं आणून ठेवलंय. मान वळवली तरी ओढ बसत नाही.

बाबा : उशीला खाच! हे कुठून सुचलं तुला?

लेक : तुमच्याकडून. बसची सीट फाटली की आगाराची वाट न बघता तुम्हीच टाचायचात. सुई मी तिथेच पहिल्यांदा पाहिली.

बाबा : (आडवे होत) अरे वा! गुडघे कसे सुटल्यासारखे वाटतायत.

लेक : आणि खांदा?

बाबा : छान.

लेक : बाबा.

बाबा : छान आहे म्हटलं ना.

जावई : मग तोंड का वाकडं झालं?

बाबा : तुम्हाला भास होतायत.

लेक : पाठीवर झोपलात की दुखऱ्या खांद्याखाली मऊ लागावं म्हणून हा खळगा केलाय. मग बोचतंय कुठे?

बाबा : खळगा डावीकडे आहे.

लेक : डावाच दुखतो ना तुमचा?

बाबा : उजवा.

लेक : काय? अहो, मी घरी आले की माझ्या बॅगा, गॅसची टाकी, सगळं उजव्याच खांद्यावर घ्यायचात!

बाबा : तू बघत असायचीस म्हणून. तुझी पाठ वळली की बसायचो जिन्यातच.

जावई : घ्या! म्हणजे हिनं तुमच्या नाटकावर गादी बेतली.

बाबा : नाटक बरं वठलं म्हणायचं.

लेक : हसू नका! कितीदा विचारलं, तर "काही नाही गं, काही नाही गं". उद्या दुकान उघडायचं आणि बापाचीच गादी चुकली.

बाबा : चुकली कसली! आयुष्यभर स्टिअरिंग ओढलं, पण माझ्या मापाचं अंथरूण कुणी शिवलं नव्हतं कधी. येताना गाडीत कंडक्टरला सांगितलं, शेजारच्या बाईला सांगितलं, माझी लेक दुकान काढतेय. कंडक्टर शेवटी म्हणाला, काका, कळलं आता.

लेक : मग राहा.

बाबा : अशा खांद्यानं? पहाटेपर्यंत जीव जाईल माझा.

लेक : उसवते मी. अंधार पडायच्या आत खळगा इकडे घेते. पण नेमकं कुठे, ते तुम्ही सांगायचं. "काही नाही" चालणार नाही. इथे?

बाबा : जरा खाली.

लेक : इथे?

बाबा : हां. मागे, खवाट्याच्या हाडाला लागून. हात वर नेला की सणक मानेपर्यंत जाते. पहाटे पहाटे रडू येतं गं, खरं सांगतो.

लेक : बाबा...

बाबा : डोळे पूस आधी. टाका वाकडा पडेल.

जावई : आणि सहाची गाडी?

बाबा : जाऊ द्या तिला. मी तरी कुणासाठी थांबवली होती कधी?

लेक : फीत मात्र डाव्या हातानं कापायची. हट्ट नको.

बाबा : उजव्यानंच कापणार. झोप लागली तर जाईल वर.

लेक : आणि नाही गेला तर?

बाबा : तर तू धर. सगळ्यांसमोर धर.