पेलाभर दूध आणि प्रयागबाईचा हट्ट

बाप्पाला हात जोडा आणि जरा पुढं सरका, मंडळी! माझा आवाज लहान आहे, आणि मागं बसणाऱ्यांना झोप लवकर लागते.

आज प्रश्न एवढाच — चांगली वस्तू रोज घेतली, तर ती चांगलीच राहते का? म्हणाल, 'हो!' थांबा. घाई करू नका. प्रयागबाईनंही घाईच केली होती.

ही प्रयागबाई लातूरकडची. दारात सोयाबीनचं शिवार, पण घरात? दाणा नाही! पिकवायचं आपण, खायचं जगानं! मग बचत गटात एक ताई सांगून गेली, "सोया खा, अंगाला बळ येतं." झालं! आषाढी एकादशीला बाईनं हातावर पळीभर पाणी घेतलं — चातुर्मासाचं व्रत! दाणे भिजवायचे, वाटायचे, उकळायचे, गाळायचे आणि रोज पेलाभर दूध प्यायचं.

नवरा धोंडिराम मिशीला पीळ देत म्हणाला, "मला नको बरं का! पारावर म्हणतात, सोयानं पुरुषाच्या मिशा गळतात!"

पेटीवाले काका, तुम्ही कशाला मिशी चाचपता?

तर, श्रावण गेला, भादवा गेला. आश्विनात बाईचे पाय जड झाले, चेहरा सुजला, आवाज बसला. आणि ही तर गावात हरिपाठात सगळ्यांच्या पुढं गाणारी! एका संध्याकाळी टाळ हातात — आणि बाई घोरतेय! शेजारीण म्हणाली, "सोया बाधला गं! सोड ते." पण व्रत मोडायचं? देवाला दिलेला शब्द? आणि आवाज परत आलाच नाही तर? प्रयागबाई देवघरापुढं मुकाट रडली. खरंच रडली हो.

धोंडिरामनं तिला तालुक्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "थायरॉइडची गोळी घेता ना?"

"रोज! एक दिवस चुकवत नाही."

"कशाबरोबर?"

"सोयाच्या दुधाबरोबर! पहाटे, अनशापोटी. तीर्थ घेतल्यासारखी!"

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, हे दूध गोळीला अंगी लागू देत नाही! तीन महिने गोळी आली तशी गेली."

"म्हणजे सोया वाईट?"

"अजिबात नाही! नीट शिजवलेला सोया बहुतेकांना रोज चालतो, प्रथिनं मिळतात. फक्त डाळ-भाजी सोडून त्याच्यावरच जगू नका. पहाटे गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्या, दूध चार तासांनी. आणि दादा, मिशीवरचा हात काढा, ती शाबूत राहील! चहात चार चमचे साखर घेता, तिला कधी भ्यालात?"

पण प्रयागबाई हटून बसली! "पहाटेचं व्रत मी दुपारी कसं करू? मोडेल!"

आता धोंडिराम बोलला. आयुष्यात पहिल्यांदाच कामाचं बोलला. "अगं, पळी माझ्याच हातात होती. 'रोज पेलाभर सोयाचं दूध घेईन' — एवढंच म्हणालीस तू! पहाटे, अनशापोटी, गोळीबरोबर… हे देवाला कधी कळवलंस?"

बाई खुदकन हसली. "खरंच की हो! व्रत देवाचं होतं, हट्ट तेवढा माझा."

दुसऱ्या दिवसापासून गोळी पहाटे, दूध दुपारी. कार्तिकी आली आणि हरिपाठाची पहिली ओळ प्रयागबाईनं अशी उचलली, की देवळाच्या कळसावरची पारवे उडाले! आणि धोंडिराम? दुपारी पेला घेऊन बाईपुढं हजर! मिशी दुधात!

तर मंडळी, सोया चांगला, व्रतही चांगलं. पण चांगल्याशेजारी चांगलं बसवतानासुद्धा जाणत्याला विचारावं. हसलात ना प्रयागबाईला? हसा! आता खरं सांगा, सकाळची गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळणारे कितीजण आहेत? हात वर करा.

अगं बाई! एवढे? खाली घेऊ नका हात — देवानं बघितलेत. आता त्याच हातांनी टाळी वाजवा, आणि उद्या सकाळी त्याच हातांनी आधी पाण्याचा तांब्या उचला!