भोकं पडलेली वांगी

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, हे आधी लक्षात ठेवा, म्हणजे माझी फजिती नीट कळेल.

सावंगीच्या बाजारात मी नेहमी भोकं पडलेलीच वांगी निवडायचो. अळीनं खाल्लंय म्हणजे फवारलेलं नाही, असा माझा सिद्धांत. कमलाबाई घरच्या शेतातली भाजी विकायला आणतात. परवा त्यांनी विचारलंच, "सर, तुम्ही किडकेच काऊन उचलता हो?"

मी ऐटीत सिद्धांत सांगितला. वर म्हणालो, "त्या दुकानातल्या ऑरगॅनिक स्टिकरपेक्षा मले अळीवर जास्त भरोसा आहे."

"फवारलं की अळी मरते सर, भोक थोडीच बुजते?"

माझ्या हातातलं वांगं तसंच राहिलं. "म्हणजे हे फवारलेलं आहे?"

"हो. पण औषधाच्या डब्यावर लिहून असते, फवारल्यावर किती दिवस तोडायचं नाई ते. तेवढे दिवस झाल्याबिगर मी तोडत नाई. आमच्या घरी बी हेच शिजते."

मी विषय बदलला, "वालाच्या शेंगा नाही आणल्या आज?"

"कालच फवारल्या. पुढच्या मंगळवारी येजा."

इतक्या वर्षांत गिऱ्हाईक समोर उभं असताना माल नाही म्हणणारं कोणी भेटलं नव्हतं. माझा भरोसा तिथंच बसला.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तीन वर्षं मी किडके तुकडे काढून राह्यली, ते काऊन?"

मंगळवारी शेंगा आणायला तीच जाणार आहे. मला फक्त पिशवी धरायची आहे.