पाठ पाण्याकडं

हॅलो?… हॅलो! कोन, रतन?… नगरवरनं? जरा मोठ्यानं बोल, बाई…

बरी? कशाची बरी! तुझ्या वहिनीनं घराची लाज मोटंच्या चाकाला टांगलीय… अगं विमलनं, दुसरी कोन?… कविता केलीय… काय? तुला ठावं हाय?… उद्या नगरच्या सभेत वाचनार? बघ, ननंदंला सांगितलं, सासूला न्हाई!

हो, हो… अगं ऐक ना आधी. न्याहारी घेऊन विहिरीवर जायाची अन् रंभाजीला वाचून दाखवायची… आपल्या सालगड्याला, व्हय! त्यो धावेच्या उतारावर मोट हाकताना तीच गायला लागला. दिवसभर! साऱ्या शिवारानं ऐकली. मला बी पाठ झाली…

म्हनू?… फोनवर?… बरं, ऐक.

'बैल धावेवरनं उतरतो, पाणी वर येतं,
बैलाची पाठ पाण्याकडं.
उलट्या पावलांनी माघारी विहिरीशी येतो,
तरी पाठ पाण्याकडं…'

रतन?… रडतीस का काय!… अगं, त्यात रंभाजीचं नावच कुठं हाय? मी बी म्हनलं, बैलाचं गानं हाय, गाऊ दे. तिथंच चुकलं…

काल पाडवा. साल भरलं. दरवर्षीसारखं नवं धोतर, मुंडासं त्याच्यापुढं ठेवलं. हात लावला न्हाई! म्हनला, "थोरल्या बाई, औंदा साल धरत न्हाई. एकदा तोंड फिरवून पानी बघायचंय."

काय करनार मी? आपल्याच गोठ्यात जलमला त्यो, बापाच्या हातातला कासरा ह्याच्या हातात आला… हो गं, त्याची पोरगी दगावली त्या दिशी बी मोटंवर हुता. मग? मळा वाळू द्यायचा?… तू नगं शिकवू मला!

गेला. मोट बंद. बैलं दावनीला हंबरत्यात… तुझा भाऊ? आबासाहेब नुसता इंजिन आनतो, इंजिन आनतो करतोय…

ओ टेलिफोनवाले! मायलेकी बोलतोय, मधी तोंड घालू नका!

हं, रतन… काय म्हनलीस?… मी?… मी कशाला बैल व्हईन गं? किल्ल्या माझ्या कमरेला हायत्या…

…

व्हय. कमरेलाच बांधल्यात… माहेराचं नगं काढू. आई गेली तवा बी धाडलं न्हाई मला, ते तुला कुनी सांगितलं?… जाऊ दे म्हनते ना!

न्हाई, तिला फोन देत न्हाई. हितंच उभी हाय उंबऱ्यात, पिशवी भरून, एस.टी.ची वाट बघत… थांब. तू बी ऐक.

विमल, पिशवी खाली ठेव. कविता खरी हाय तुझी. रंभाजीनं नुसती ऐकली, तर गेला. तू तर लिहिलीयस. नगरला जायाचं न्हाई.