देवीची पेटी आणि बंदरावरचं दार

चार! अहो, एका दाराला चार कुलपं! आणि दार कसलं? तिजोरीचं नव्हे, गाभाऱ्याचं नव्हे... बायकांच्या स्वच्छतागृहाचं! शिव शिव! तुम्हाला सांगते, मी जुनी अकरावीची मॅट्रिक, शब्द निवडून बोलणारी बाई. पण ते दार पाहिलं आणि माझी वाचाच बसली. आणि हे झालं कसं? सर्वांच्या सहभागातून, बरं का!

थांबा, क्रमाने सांगते. माझ्या शेजारची केसर. पहाटे होड्या लागल्या की ही बंदरावर. मासळीचा लिलाव, बर्फ, टोपल्या, आरडाओरडा, आणि दुपारपर्यंत पाण्याचा थेंब नाही! का? तर प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं कुठे? सगळीकडे पुरुष! शेवटी एक दिवस भर लिलावात कोसळली. म्हसळ्याचे डॉक्टर म्हणाले मुतखडा... क्षमा करा, शब्द त्यांचा आहे... म्हणाले, पाणी भरपूर प्या. तर ही त्यांनाच म्हणते, "पानी पितंय रं डागदरा, पन आदी जागा दाव!"

मग मी उठले. ग्रामपंचायतीत बोलले, मच्छीमार सोसायटीत बोलले, आणि बघता बघता देवळाच्या मंडपात सभा! देणगी देणाऱ्या कंपनीचे मितेश साहेब आले, "मॅडम, हा प्रोजेक्ट आपण सगळे स्टेकहोल्डर मिळून करू, ओके?" समाजसेवी संस्थेच्या हेमालीताई आल्या, "आधी सगळ्यांनी डोळे मिटूया हं... आणि बदललेलं गाव बघूया..." मिटले! काय करता? उघडले तेव्हा केसर शेजारी घोरत होती. जागा पंचायतीची, भिंती कंपनीच्या, जनजागृती संस्थेची, पाणी सोसायटीचं. सर्वांच्या सहभागातून, बरं का!

इमारत झाली हो झकास. फरशी अशी की चपला बाहेर काढाव्यात. पण उद्घाटनाच्या दिवशीच प्रश्न आला, किल्ली कुणाकडे? झालं! सरपंच किशोरीबाई म्हणतात, "जागा आमची, चावी आमची." साहेब म्हणतात, "पण ब्रँडिंग आमचं आहे ना!" हेमालीताई म्हणतात, "मालकीची भावना सगळ्यांचीच हवी." आवाज चढले, तसे सोसायटीचे शिवदास नाखवा उठले, "भांडताव कशाला? देवीच्या पेटीला चार आळींची चार कुलपं हायत. आजवर एक रुपाया हलला न्हाय! हितंबी तशीच लावा."

टाळ्या! मी ओरडले, "अहो नाखवा, देवीची पेटी वर्षातून एकदा उघडतात!" कोण ऐकतं? सनई लागली होती. फीत कापली, चौघांनी आपापलं कुलूप लावलं, चौघांनी आपापली किल्ली खिशात टाकली, आणि फोटो!

दुसऱ्या दिवशी केसर, डॉक्टरांच्या आज्ञेप्रमाणे तांब्याभर पाणी पिऊन, दारासमोर उभी. पोटावर हात. नाखवा कुठे? समुद्रात. किशोरीबाई? म्हसळ्याला मीटिंगमध्ये. हेमालीताई? पुण्याला! कशाला? तर लोकांनी एकत्र काम कसं करावं, ते शिकवायला! उरले मितेश साहेब, लावला फोन. "आंटी, असं नाही चालत, एक दिवस आधी इंटिमेशन द्या ना." एक दिवस आधी! अहो, निसर्ग कुणाला पूर्वसूचना देतो का हो? मी हा प्रश्न अत्यंत सभ्य भाषेत विचारला. त्यांनी फोन ठेवला. आणि केसरने... काय सांगू... पुन्हा पाणी पिणंच बंद केलं.

डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर ऑपरेशन. केसर घरी आली, नवऱ्याच्या होडीतला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि बंदरावर गेली. मी मागोमाग, "केसर, कुलूप तोडणं हा गुन्हा आहे!" "कुलपाला कोन हात लावतंय, मावशी? चौघांची अब्रू हाय ती!" आणि तिने काय केलं असेल? बिजागऱ्या काढल्या! चारही कुलपं जागच्या जागी, आणि दार पलीकडून उघडलं! बायका पाणी पिऊ लागल्या हो... लिलावात खुशाल तांब्या फिरायला लागला!

व्हायचं तेच झालं. चौघे पाहणीला आले. कुलपं शाबूत, आतली टाकी रिकामी! मला वाटलं, आता तरी एक कुलूप ठेवतील. छे! तासभर चर्चा, चहा, आणि ठराव: ज्या अर्थी वापर बिजागरीच्या बाजूने आहे, त्या अर्थी नियंत्रण त्या बाजूलाही हवे. बिजागऱ्यांच्या जागी पाचवं कुलूप! सर्वांच्या सहभागातून, बरं का!

आणि पाचवी किल्ली? "निःपक्षपाती, सुशिक्षित व्यक्तीकडे." असं म्हणून साहेब, ताई, सरपंच, नाखवा, सगळे एकदम माझ्याकडे वळले. तेवढं मात्र एकमताने!

आता रोज पहाटे होड्यांच्या आधी मी बंदरावर असते. इस्त्रीचं लुगडं, पायात चपला, कमरेला किल्ली. आई शाळेत घालताना म्हणाली होती, शीक बाई, चार माणसं तुला विचारत येतील. येतात की! रोज येतात... ओळीने, पोटावर हात ठेवून, "मावशी, खोला ना वं लवकर!"