तीन टिंबांचं कुलूप

...आणि वर नाराज कोण, तर तो. मी नाही, तो! गुहेत एकटा राहणारा, गुडघ्यापर्यंत दाढी वाढलेला मुनी, अंगावर धड कांबळं नाही, म्हणून मी आपुलकीने म्हटलं, ‘बाबा, घरचं कुणी नाही का तुम्हाला?’ तर टीव्हीच्या पडद्यावर, कोपऱ्यात लाल अक्षरं : मुनी नाराज झाला. आता तुम्हीच सांगा, सहज विचारलं तर काय बिघडलं?

हे सगळं त्या तोर्स्तीमुळे. आमच्या समोरच्या दाराचा तोर्स्ती हो, कोत्काच्या बंदरात क्रेन चालवायचा तो. निवृत्त झाला आणि भिंतीतून तलवारींचे खणखणाट यायला लागले, घोडा काय खिंकाळतोय, कोण तरी विव्हळतंय काय... मी वेलदोड्याचे पाव भाजले आणि गेले. रिकाम्या हाताने चौकशीला जाणं मला बरं नाही वाटत. तर हा टीव्हीसमोर, हातात ते बटणांचं यंत्र. म्हणाला, “बस.” आणि दुसरं यंत्र माझ्या हातात. झालं, एवढंच आमंत्रण. तोर्स्ती वर्षभरात जेवढं बोलतो ना, तेवढं मी जिना उतरताना बोलते.

तर त्या खेळात तो योद्धा आणि मी मांत्रिक. पण नुसती साधी मांत्रिक. पुढे त्यातली एक शाखा घ्यायची असते, डॉक्टर कसा नाक-कान-घशाचा होतो, तसं. सगळ्या शाखांवर कुलपाचं चित्र, आणि प्रत्येक कुलूप उघडायची तऱ्हा वेगळी. मला यायचे मंत्र दोनच, एक आग लावायचा आणि एक बर्फ पाडायचा. बर्फ! अर्धं वर्ष बर्फाखाली असणाऱ्या कोत्कात राहून मी आता बर्फ पाडायला शिकू? इकडे पुलावर राक्षस तोर्स्तीला बडवतायत, तो मरतोय, आणि मी त्याच्या अंगावर बर्फ पाडतेय.

शेवटी तो म्हणाला, “राइली, वैद्याची शाखा उघड. शनिवारी सौनात वाफ घेऊन झाली की पुन्हा पुलावर जायचं. नाही जमलं तर हिल्का आहे.”

हिल्का! पलीकडच्या जिन्यातली हिल्का. जिने हाउसिंग सोसायटीच्या सभेत उभं राहून सांगितलं होतं की जिना जाण्या-येण्यासाठी असतो, गप्पांसाठी नाही, आणि बघत माझ्याकडे होती. ती म्हणे या खेळात आधीच वैद्य होऊन बसलीय. आणि तोर्स्तीच्या सोफ्यावर, माझ्या जागेवर, ती बसणार? मासळीच्या कारखान्यात जन्म गेला माझा, आयुष्यात एकदा स्पेशालिस्ट व्हायची संधी आली, ती मी हिल्काला देऊ?

मग मी लागले कामाला. गावात शिरले, एकेका घरात गेले, एकेकाशी बोलले. लोहाराला विचारलं, बायको माहेरी का गेली. पाद्र्याला विचारलं, ते कशाचं औषध घेतोस. सरायवालीला विचारलं, ही धाकटी कुणावर गेलीय. सगळं सगळं विचारलं, आणि एकदम तुताऱ्या वाजल्या, एक कुलूप खाडकन उघडलं. मी म्हटलं, झाले मी वैद्य! तर कुठलं काय... शाखेचं नाव ‘हेर’.

तोर्स्ती हसला. बायको गेल्यापासून पहिल्यांदा हसला असेल तो माणूस. म्हणाला, “लोकांना यासाठी महिना लागतो.”

“मी हेर नाहीये,” मी म्हटलं.

“बरं,” म्हणाला, आणि परत हसला.

हेरगिरी काय त्यात? सहज विचारलं तर काय बिघडलं?

तर वैद्यकी शिकवणारा तो गुहेतला मुनीच. तो खूश झाला तरच शिकवणार. मी त्याला मध दिला, लोकरीची टोपी दिली, डुकराची अख्खी तंगडी दिली. घ्यायचा निमूट. पण मी तोंड उघडलं रे उघडलं की नाराज. ‘बाबा, ही जखम कशाची?’ नाराज. ‘बाबा, ते चित्र कुणाचं?’ फारच नाराज. बोलायला चार वाक्यं दिलेली असतात, त्यातलं एक निवडून दाबायचं. तीन झाली दाबून. चौथ्या जागी नुसती तीन टिंबं. मी म्हटलं, छापताना वाक्य गळलं वाटतं.

“तेच दाब,” तोर्स्ती म्हणाला.

“अरे, ते वाक्य नाहीये.”

“तेच.”

“पण त्यात मी बोलतेय काय?”

“काही नाही,” म्हणाला. “गप्प बसायचं त्याच्याजवळ.”

दाबलं. माझी मांत्रिक दगडावर बसली. शेकोटी तडतडतेय, मुनी गप्प, ती गप्प, इकडे सोफ्यावर तोर्स्ती गप्प... आणि त्याचा चेहरा काय समाधानी! हा माणूस एका बैठकीत पाच वेळा वैद्य झाला असता. मी आपली बोटं मांडीखाली दाबून बसलेय. शेवटी मुनी बोलला. खोल आवाजात म्हणाला, “मला एक मुलगी होती...”

आणि थांबला!

आणि खाली प्रश्न आला, चांदीच्या अक्षरांत, चमचमत : ‘तिचं काय झालं?’ शेजारी तीच तीन टिंबं. अहो, काय झालं तिचं? पळून गेली, बुडाली, राजाची सून झाली... कुणाची तरी झाली असेल की! माझा अंगठा गेलाच होता तिकडे. पण डोळ्यांसमोर हिल्का आली, माझ्या जागेवर बसलेली. टिंबं दाबली. परत टिंबं. परत टिंबं. आणि कुलूप उघडलं.

मी सोफ्यावर उडी मारायची बाकी होते. तर खाली बारीक अक्षरं : ‘मौनी वैद्य. हे पात्र यापुढे कुणाशीही बोलू शकणार नाही.’

“चांगली शाखा आहे,” तोर्स्ती म्हणाला.

शनिवारी पूल पार केला. राक्षस मारतायत आणि मी बरं करतेय, मारतायत आणि बरं करतेय. तोर्स्तीचा केससुद्धा वाकडा झाला नाही. पण पलीकडे नवं गाव! तिथे रस्ता विचारायचा, बातमी काढायची, हे कुणी करायचं? मला तोंड नाही. तोर्स्ती म्हणाला, “मला नाही जमायचं बोलायला.” आणि तिसरं यंत्र काढून त्याने बोलावलं कुणाला... कळलंच असेल तुम्हाला. बसली येऊन, आमच्या दोघांच्या मधोमध.

आणि तुम्हाला सांगते, गावच्या विहिरीपाशी एक बाई बसलेली, डोळे रडून सुजलेले, हातात लहान मुलाचा एकच बूट. एकच! दुसरा कुठे? मूल कुठे? आणि हिल्का तिला विचारते काय, तर “लोहाराचं दुकान कुठे आहे?” बाईने बोट दाखवलं, आणि निघाले हो ते दोघं, तरातरा, मागे वळूनही न बघता.

मी राहिले मागे. त्या बाईला बरं केलं. तिला लागलं काहीच नव्हतं... पण मला आता दुसरं काही दाबताच येत नाही.